अर्थसंकल्पीय तूट कमी करण्याचे सरकारी प्रयत्न कशामुळे यशस्वी होतात?
तूट किती कमी केली यापेक्षा ती कशातून कमी केली, यावर यश अधिक अवलंबून असते. भांडवली कामे पुढे ढकलून किंवा देयके थकवून एका वर्षापुरता आकडा सुधारतो. पण वेतन, निवृत्तिवेतन, अनुदाने अशा आवर्ती खर्चाची रचना तीच राहिली, तर तूट पुन्हा डोके वर काढते. कॅनडाने १९९५ च्या अर्थसंकल्पात सरसकट कात्री न चालवता, प्रत्येक कार्यक्रम सरकारने चालवायलाच हवा का, हे तपासून खर्च घटवला आणि १९९७-९८ मध्ये शिल्लक दाखवली. अर्थात, तेव्हा व्याजदर उतरत होते आणि शेजारच्या अमेरिकेतील तेजीमुळे निर्यात वाढत होती; यशकथा सांगताना हा वाटा सहसा वगळला जातो. २०१० नंतरच्या ग्रीसला ही साथ मिळाली नाही. युरो वापरत असल्याने, म्हणजे स्वतःचे चलन नसल्याने, अवमूल्यनाचा (चलनाचे मूल्य घटवून निर्यात स्वस्त करण्याचा) मार्ग बंद होता, त्यामुळे कपात आणि करवाढ यांच्या दुहेरी माऱ्याखाली अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली आणि उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचे ओझे उलट वाढले. स्वीडनने १९९७ पासून केंद्रीय खर्चावर बहुवार्षिक कमाल मर्यादा घातली. सत्ताबदलानंतरही टिकणारा असा नियम मला कोणत्याही एका वर्षाच्या कपातीपेक्षा मोलाचा वाटतो.