दारूला शिवत नाही, तरी यकृतात चरबी?

प्रश्न : वय ५२, वजन ८४ किलो, दारू नाही. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' आलं. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४; प्लेटलेट २ लाख १० हजार. शेजारी गुळवेलीचा काढा सुचवतात. घेऊ का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : काढा नको. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

ग्रेडने घाबरू नका. तो फक्त चरबी सांगतो. खरा धोका यकृत घट्ट होण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा. त्याचा अंदाज घरीच काढता येतो. वय गुणिले एसजीओटी : ५२ × ४८ = २४९६. एसजीपीटीचं वर्गमूळ ८, त्याला हजारांतल्या प्लेटलेटने (२१०) गुणा : १६८०. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा : १.४९. तुमच्या वयाला १.३ च्या आत असता तर निर्धास्त राहिला असतात. आता फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी करा, तीन तास उपाशीपोटी. घट्टपणा ८ किलोपास्कलच्या (हे त्याचं एकक) आत आला तर बरं. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासाच.

मासे खाल्ल्याने हे झालं असं वाटेल, पण दोष बांगड्याचा नाही, ताटातल्या भाताच्या ढिगाचा. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की जादा पिठूळ-गोड यकृतात चरबी होऊन साठतं. पीएनपीएलए३ जनुकातला एक बदल हा धोका वाढवतो, हे २००८ मध्ये कळलं. म्हणून सडपातळ माणसंही सुटत नाहीत.

सहा ते आठ किलो उतरवा, पण सावकाश. उपाशी राहून झटपट उतरवलं तर यकृताची सूज वाढू शकते. फॅटी लिव्हरवरच्या रेस्मेटिरॉम या गोळीला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तीही मध्यम ते तीव्र फायब्रोसिससाठी, नुसत्या ग्रेडसाठी नव्हे.