एकाच हेडलाइटचा फ्यूज पुन्हापुन्हा का उडतो?

तुम्ही लिहिलंय की जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा डावा हेडलाइट फ्यूज बदलला की दोन-चार दिवस चालतो, खड्ड्यात गाडी आपटली की पुन्हा जातो, आणि गॅरेजवाला म्हणतो १५ अँपिअरच्या जागी ३० चा टाका, कटकट मिटेल.

३० चा मुळीच टाकू नका. साध्या एच-४ बल्बला (अप्पर-डिप्पर एकातच असलेला हेडलाइटचा बल्ब) अप्परला ६० आणि डिप्परला ५५ वॉट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर पाच अँपिअरच्या आसपास. इंजिन चालू असताना थोडं वाढतं, इतकंच. त्याला निळा १५ चा फ्यूज भरपूर झाला. तो उडतोय म्हणजे करंट बल्बपर्यंत न पोचता मध्येच बॉडीला अर्थ होतोय, म्हणजे उघडी वायर गाडीच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होतेय. हिरवा ३० चा टाकलात तर फ्यूज तगेल आणि त्याच्याऐवजी वायर तापेल, तीही बोनेटखाली, पेट्रोलच्या पाइपांशेजारी. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांनाही हेच लागू.

उडालेला फ्यूज फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. आतली पट्टी पार उडालेली आणि प्लास्टिक काळवंडलेलं असेल तर सरळ शॉर्ट आहे. पट्टी मधोमध शांतपणे वितळलेली असेल तर लोड जास्त आहे: कुणीतरी १००/९० वॉटचा बल्ब बसवलाय किंवा त्याच वायरवरून फॉग लॅम्प ओढलेत. पट्टी शाबूत पण प्लास्टिक वितळलेलं असेल तर फ्यूजबॉक्समधली पकड सैल झालीय. खड्ड्याचं लक्षण बघता तुमच्याकडे पहिला प्रकार असणार, असा माझा अंदाज.

आधी डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा, पाच मिनिटांचं काम आहे. उजवीकडचा फ्यूज उडायला लागला तर दोष बल्बचाच. नाहीतर वायरिंग.

आता शॉर्ट शोधताना दर वेळी नवा फ्यूज जाळायची गरज नाही. ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. डाव्या हेडलाइटचा फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत या दोन वायरी बसवा. हेडलाइटचा कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) बल्बवरून काढून ठेवा. हे विसरू नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स एक ओहमपेक्षाही कमी असतो, त्यामुळे कपलर लावलेला राहिला तर टेस्ट बल्ब तसाही पेटतो आणि मल्टिमीटरही शॉर्ट असल्यासारखंच दाखवतो. पुष्कळ जण इथेच फसतात आणि चांगली वायरिंग उघडून बसतात.

मग लाइटचा स्विच चालू करा. एकदा अप्परवर, एकदा डिप्परवर. टेस्ट बल्ब विझलेला असायला हवा. आता हेडलाइटच्या मागून सुरुवात करून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने वीत-वीतभर हलवत फ्यूजबॉक्सकडे या. ज्या क्षणी बल्ब पेटेल, त्या क्षणी हात जिथे असेल तिथेच चोर. सगळीकडे शॉर्ट झाला तरी हा बल्ब दोनेक अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. फक्त इंजिन बंद ठेवा आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा.

वायर पत्र्याच्या धारेवरून वळते ती जागा, बॅटरी ट्रेच्या खाली, आणि हेडलाइटच्या ब्रॅकेटमागे नीट बघा. बंपर किंवा डेंटिंगचं काम झालं असेल तर ब्रॅकेटखाली वायर दाबली गेलीय का हे पहिलं बघा. पेंटवाल्याला वायरीचं काही पडलेलं नसतं. खूण बारीक असते: इन्सुलेशनवर तांदळाच्या दाण्याएवढा उघडा तांब्याचा ठिपका, आणि समोरच्या पत्र्यावर रंग जळून काळा डाग. उंदरांनी कुरतडलं असेल तर ते लगेच ओळखू येतं, लेंड्या शेजारीच सापडतात.

एक गोष्ट अजून विचारायची होती: लाइट बंद असतानाही फ्यूज उडतो का? काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि बल्बपर्यंत करंट कायम हजर असतो. तशी गाडी असेल तर स्विच चालू न करताही वरची चाचणी जमते.

जागा सापडली की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मगच हात घाला. नुसती काळी टेप गुंडाळू नका, बोनेटखालच्या उष्णतेने तिचा डिंक सुटतो. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), त्यावर काळा फ्लेक्सिबल पाइप, आणि धारेला पुन्हा घासणार नाही अशी केबल टायने बांधा. मग कंपनीने दिलेल्या नंबरचाच फ्यूज.

हलवून काहीच सापडलं नाही तर गाडीचं मॉडेल आणि साल लिहा, बाहेरचं एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) किट बसवलंय का तेही. एचआयडीवाले चालू होताना पहिले काही सेकंद भरपूर करंट ओढतात, ते प्रकरण वेगळं.