फ्रँकिंग मशीनचा रिचार्ज कोड दुसऱ्यांदा का चालत नाही?

तुमचा प्रश्न असा: फोनवर मिळालेला आकडा दाबला की फ्रँकिंग मशीनमध्ये (पाकिटावर तिकिटाऐवजी टपालखर्चाचा शिक्का छापणाऱ्या यंत्रात) पैसे जमा होतात, मग तोच आकडा उद्या पुन्हा दाबला, किंवा शेजारच्या ऑफिसातल्या मशीनवर दाबला, तर फुकट टपाल मिळेल का?

नाही मिळणार. मी काही वर्षं या मशीनच्या फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरवर, काम केलंय, म्हणून जरा आतलं सांगतो.

मशीनमध्ये दोन रजिस्टर, म्हणजे आकडा साठवणारे कप्पे, असतात. उतरतं रजिस्टर म्हणजे शिल्लक. चढतं म्हणजे आजवर छापलेलं एकूण मूल्य. समजा शिल्लक २५० आणि चढतं ७७५०, बेरीज ८०००. २० चा शिक्का मारला की २३० आणि ७७७०. बेरीज तीच. शिल्लक संपेपर्यंत शिक्के मारा, बेरीज हलत नाही. १००० भरले की मात्र ती ९००० होते. इतका साधा आणि इतका पक्का हिशेब मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

पैसे भरायला रिचार्ज देणाऱ्या केंद्राला फोन केला की तुम्ही खातं, मशीनचा क्रमांक आणि रजिस्टरचे आकडे सांगता. केंद्राकडे बेरीज नोंदलेली असते. जुळली नाही, तर आत काहीतरी गडबड आहे हे तिथेच कळतं आणि कोड मिळत नाही. जुळली, तर केंद्र एका गुप्त बीजसंख्येवरून (जिच्यापासून गणित सुरू होतं त्या संख्येवरून) कोड काढतं. तीच संख्या मशीनच्या पोटातही असते. एकदा रिचार्ज झाला की दोघेही ठरलेल्या गणिताने पुढच्या संख्येवर सरकतात, म्हणून कालचा कोड आज निरुपयोगी. शेजारच्या मशीनचं बीजच वेगळं. रक्कमही त्या गणितात धरलेली असेल, तर १००० चा कोड घेऊन १०,००० भरता येत नाहीत.

(अमेरिकेच्या टपाल खात्याने १९२० मध्ये पिटनी-बोज कंपनीचं मीटर, म्हणजे असंच फ्रँकिंग मशीन, मान्य केलं. त्यानंतर कित्येक दशकं पैसे भरायला मीटर उचलून पोस्टात न्यावं लागे. फोनची सोय १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली.)

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते वीज जाण्यावर. कोड मान्य झाला, १००० जमा झाले आणि बीज पुढे सरकण्याआधीच वीज गेली तर? तोच कोड पुन्हा चालेल, म्हणजे तुम्ही विचारताय ती चोरी शक्य होईल. क्रम उलटा ठेवला तर ग्राहकाचे पैसे बुडतील. म्हणून ‘काम सुरू केलं’ अशी नोंद आधी करायची, रजिस्टरच्या दोन प्रती दोन वेगळ्या मेमरीत ठेवायच्या आणि चालू होताच अर्धवट काम पूर्ण करायचं. चाचणीत आम्ही लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम वीज तोडायचो, मशीन परत चालू करायचो आणि आधी बेरीज बघायचो.

शाईच्या शिक्क्याची नक्कल हा वेगळा विषय. त्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात शिक्क्यातच डिजिटल सही असलेला बारकोड आणण्याचं काम सुरू झालं.

तुमचा खरा कोड कधी नाकारला गेला, तर तो पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. चुका वाढल्या की काही मशीन लॉक होतात. दोन्ही रजिस्टरचे आकडे लिहून घ्या आणि मगच केंद्राला फोन लावा.