किनाऱ्यावरचं लग्न आहे? आधी पत्रिकेवरची तिथी बघा

ताई, फेब्रुवारीत तारकर्लीला वाळूवरच लग्न, पत्रिकेत 'थाटमाट नको, साधेच या' अशी ओळ, आणि सोबत सत्तरीच्या सासूबाई. काय घालायचं, काय न्यायचं असं विचारलंत. मी मालवणकडची, अशी लग्नं आता आमच्याकडे नेहमीची झालीत.

कपड्यांआधी पत्रिकेवरची तिथी बघा. आमच्याकडची जुनी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, शुद्ध असो की वद्य. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे त्या सुमाराला पूर्ण भरती. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास बुडतो आणि सगळ्यांना मुहूर्त नेमका तेव्हाच हवा असतो. म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना पाणी चढतंय. मंडप वर सुरूच्या झाडांच्या बाजूला असला तरी फोटोला सगळे खाली धावतात आणि निऱ्या भिजवून येतात. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती, म्हणजे सहाएक तासांनी, संध्याकाळी ओहोटी. पाणी लांब, ओली वाळू घट्ट, चालायला सोपी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण साडी ठरवायला तेवढा अंदाज पुरतो.

पैठणी घरीच ठेवा. खारं पाणी लागलं की जरीची वाट लागलीच म्हणून समजा. सुती साडी, घोट्याच्या जरा वर नेसलेली, पदराला दोन पिना जास्त, कारण दुपारपासून समुद्राकडून येणारा वारा सूर्यास्तापर्यंत तरी थांबत नाही. उंच टाचा वाळूत रुततात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोल्हापुरी घालून हमखास कोणीतरी येतंच. खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं. साधी रबरी चप्पल आणा, मंडपात ती काढूनच बसाल.

सासूबाईंचं मात्र आधीच बोलून ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय कोरड्या वाळूत हळूहळू खचतात आणि बसलेलं माणूस मागे कलंडतं. यजमानांना फोन करून खुर्चीखाली फळी टाकायला सांगा. मागितली की मिळते, आपणहून कोणाला सुचत नाही. गाडी कुठपर्यंत येते आणि स्वच्छतागृह किती लांब, हेही त्याच फोनवर विचारा. मऊ वाळूतली शंभर पावलं म्हाताऱ्या गुडघ्यांना फार होतात.

मुलं असतील तर एकच सांगते: देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरू देऊ नका. वरून शांत दिसतं, खाली ओढ जबर असते.

आहेर पाकिटातच द्या. मिक्सरचा खोका वाळूतून कोण वाहणार! जेवणात मासे असतीलच, शाकाहारी असाल तर आधी कळवा. सोलकढी दोघांनाही मिळते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर आणि पुढे तारकर्ली. परतीची रिक्षा मात्र दुपारीच ठरवा आणि रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. रात्री जेवणं उरकून रस्त्यावर उभं राहिलात तर वाहन मिळणं कठीण.