कच्चा लिंबू

प्रिय,

पत्र पोचलं. दोन पानं भरून लिहिलंस, पण प्रश्न एकच: "मॅडम, तिला आधीचा अनुभव आहे, मला शून्य. म्हणजे मी कच्चा लिंबूच का?" तुझ्या होणाऱ्या बायकोनं तिचे आधी शरीरसंबंध आलेत हे साखरपुड्याआधी स्वतःहून तुला सांगितलं, आणि तू तिच्या त्या सरळपणाचा हिशेब मांडत बसलास.

आपल्याकडच्या पोरांना या विषयाचे गुरू दोनच. तालमीत शिकवतात, लंगोटाचा पक्का राहा. मोबाईल शिकवतो, अर्धा तास टिकून दाखव. समोरच्या बाईला काही विचारावं, हे दोघांच्याही डोक्यात येत नाही. तुझ्याही आलेलं दिसत नाही. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, यावर त्या दोन पानांत एक ओळ नाही. म्हणून आपल्या बोलीतच सांगते: इचार. तिला इचार.

अनुभवानं नेमकं काय येतं ते आधी बघ. भीड चेपते. कंडोम अंधारातही नीट चढवता येतो. स्वतःचं शरीर कशाला साद देतं ते कळतं. बस्स. दुसऱ्या माणसाचं शरीर त्यानं कळत नाही. एका घरची कांदा-लसूण चटणी किती तिखट हे माहीत असलं म्हणून शेजारच्या घरची तेवढाच चमचा घालून चालते का? स्पर्श कुठं, किती जोरात, किती वेळ, हे माणसागणिक बदलतं, आणि त्याच माणसाचं महिन्यातल्या दिवसागणिकही. दहा वर्षं चुकीच्या सवयीत काढलेला माणूसही अनुभवीच म्हणवतो.

आणि तिच्या शरीरावर त्या अनुभवाची खूण शोधू नकोस, ती नसतेच. योनीच्या तोंडाशी असतो तो पडदा म्हणजे बंद झाकण नव्हे. तो लवचीक पापुद्रा असतो, त्याला मुळातच उघडी जागा असते, आणि पहिल्या संबंधात कितीतरी मुलींना रक्ताचा थेंबही येत नाही. बलात्काराच्या प्रकरणांत योनीत बोटं घालून बाईला संबंधांची सवय आहे का ते बघणाऱ्या 'दोन बोटांच्या चाचणी'ला शास्त्रीय आधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली स्पष्ट सांगितलं. पलंगावर पांढरी चादर अंथरणाऱ्या घरांपर्यंत ते अजून पोचायचंय.

आता कामाचं. लग्नाच्या रात्रीच सगळं झालं पाहिजे, हे कुणी ठरवलं? पहाटे चारला उठून, बारा तास उभं राहून, आहेर घेऊन दमलेल्या दोघांनी त्या रात्री झोपावं. ताण आला की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आखडतात आणि ताठरता जाते. त्याला नामर्दपणा म्हणत नाहीत. शरीर घाबरलंय, एवढाच अर्थ. अशा वेळी जोर लावला की भीती वाढते, आणि दुसऱ्या रात्री माणूस परीक्षेला बसल्यासारखा पलंगावर बसतो. त्यापेक्षा पहिले आठ-दहा दिवस संभोग करायचाच नाही असं दोघांनी ठरवून टाका. नुसतं जवळ येणं, हात, पाठ, बोलणं. निकाल लागायचाच नसला की शरीर आपोआप सैल होतं.

तिच्या शरीरालाही वेळ लागतो. ओलावा पुरेसा नसताना घाई केली की दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी तिथले स्नायू आधीच आवळतात, मग जास्त दुखतं. हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही. पाण्यात विरघळणारी जेली मेडिकलमध्ये मिळते, लाजायचं कारण नाही. खोबरेल तेल मात्र कंडोमबरोबर अजिबात नको. तेलानं लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. कंडोम पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, उन्हानं खराब होतो. तारीख बघायची, टोक चिमटीत धरून हवा काढायची, ताठरता असतानाच चढवायचा आणि ती जायच्या आत, कडा धरून, बाहेर यायचं. फाटलाच तर गर्भ टाळायची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. आठवडे उलटूनही दुखतच राहिलं तर 'सवय होईल' म्हणून तिला गप्प करू नकोस. तिला विचारून दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आवळलेले स्नायू सैल करायचे व्यायाम असतात, त्यावर उपचार आहे.

वेळेचं भूतही उतरवून टाक. पाच देशांतल्या जोडप्यांच्या हाती स्टॉपवॉच देऊन केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष संभोगाची मधली वेळ निघाली 5.4 मिनिटं. शिवाय बऱ्याच बायकांना नुसत्या संभोगानं परमोच्च सुख मिळतच नाही, त्यांना क्लिटोरिसला, म्हणजे योनीच्या तोंडाच्या वर असलेल्या नाजूक दाण्याला, स्पर्श लागतो. कसा? मला काय विचारतोस, तिला इचार. एसटी स्टँडच्या आसपास भिंती रंगवलेल्या 'गुप्तरोग'वाल्यांकडे तर मुळीच जाऊ नकोस. आणि ताठरतेच्या गोळ्या मित्राकडून घेऊन खाऊ नकोस. हृदयरोगाच्या नायट्रेट औषधांबरोबर त्या जिवावर बेततात.

विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. पलंगावर पहिल्यांदा नको. रंकाळा तलावाच्या काठानं चालताना बोला. दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की जीभ सुटते. "बरं वाटतंय का?" हा प्रश्न वाया जातो, त्याला सगळे 'हो'च म्हणतात. "हळू की जोरात?", "इथं की तिथं?", "थांबू का?" असं विचार, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जातं. ती गप्प राहिली तर त्याचा अर्थ होकार नाही, थांबायचं. मागच्याबद्दल विचारायचं तर एवढंच: काय नको वाटतं, कशानं दुखलं होतं, गर्भ टाळायला काय वापरलेलं सोसतं. किती जण, कोण, आणि 'माझ्यापेक्षा बरा होता का' हे विचारायचं नाही. त्या उत्तराचं तू करणार काय आहेस? आणि तुझी बाजूही सांग. "मला काही येत नाही, भीती वाटते" हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. मला लिहायला तुला दोन पानं लागली, तिला सांगायला दहा सेकंद लागतील.

हे मी इतकं ताणून धरते, ते उगीच नाही. बरीच वर्षं मीही बायकोला आत घेऊन नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं. तिला अर्धं सांगितलं, त्याला काहीच नाही, आणि वर "होईल हळूहळू" म्हणून वाटेला लावलं. ओपीडीत गर्दी असायची हे खरं. एकेका जोडप्याला अर्धा तास कुठून आणायचा, हेही खरं. पण र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. एवढ्या वर्षांनंतर आम्ही डॉक्टरच लाजत होतो, याला गर्दीचं कारण पुरत नाही. म्हणून आता कुणी चिडलं तरी दोघांना एकत्रच बसवते. तुम्हालाही बसवेन.

लग्नाआधी रक्त दोघांनीही तपासून घ्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस. एकट्या तिला पाठवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. एचआयव्हीची तपासणी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि अहवाल गुप्त राहतो. शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर तपासणी पुन्हा करावी लागेल, ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. लग्नाची तारीख धरून मोजलंस तर पहिला डोस याच आठवड्यात पडायला हवा.

आणि हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते मला विचारू नकोस.

तुझी,
डॉक्टर मॅडम