वाचकांचे प्रश्न : भात सोडू की मोजू?

प्रश्न : वय ४४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८२ किलो. पूर्वी शेती आणि होडी दोन्ही करायचो, गेली सात वर्षं दुकानात बसून असतो. रक्तात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० आलं. भात बंद करून चपाती खा, नारळाला हात लावू नका, असं जो तो सांगतो. पण भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. काय करू? (मालवण तालुका)

उत्तर : भात सोडू नका, मोजा. १०० ग्रॅम तांदूळ घ्या नाहीतर १०० ग्रॅम कणीक, उष्मांक साडेतीनशेच्या आसपासच. तेव्हा भाताच्या जागी पाच चपात्या खाल्ल्या तर हाती काही लागत नाही. तुमची होडी सुटली, पण ताट अजून होडीवरच्या कामाचंच वाढलं जातंय. गरजेपेक्षा जास्त गेलेला भात, साखर आणि दारू यांची यकृतात चरबी होते आणि ट्रायग्लिसराइड वर जातं.

आज तांदूळ धुण्याआधी काट्यावर ठेवा आणि जेवणाऱ्या माणसांनी भागा. तुमच्या वाट्याला एका वेळी १५० ग्रॅम येत असतील तर दोन आठवडे १०० वर राहा, मग ६०-७० वर या. एकदम निम्मा केलात तर चार वाजता पोटात कावळे ओरडतात आणि दुकानातलंच खाजं किंवा फरसाण तोंडात जातं. बहुतेकांचं इथेच फसतं. म्हणून भात कमी कराल त्याच दिवशी ताटात मोड आलेल्या कुळथाची किंवा चवळीची मोठी वाटीभर उसळ आणि वाटीभर पालेभाजी वाढवा. कुळीथ १२ तास भिजवून फडक्यात दिवसभर बांधले की छान मोड येतात. आधी उसळ आणि मासा, भात शेवटी, असं जेवलात तर कमी भातात पोट भरतं. उकडा तांदूळ जरूर वापरा, उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. उष्मांक मात्र तेवढेच, त्यामुळे मोजमाप तेच. रात्री नाचणीची भाकरी चालेल, पण नाचणीची पातळ आंबील गूळ घालून प्यालात तर साखर भाकरीपेक्षा भराभर चढते.

नारळ पूर्ण तोडायची गरज नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३३ ते ४० ग्रॅम चरबी असते, तीही बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). चार माणसांच्या कालवणाला अर्धा नारळ लागत असेल तर पाव घ्या आणि वाटपात भाजलेला कांदा व धणे वाढवा, दाटपणा टिकतो. रव्यात घोळवून तळलेला बांगडा आठवड्यातून एकदाच पुरे, कारण तवा पुरेसा तापलेला नसला की रवा तेल पितो. एरवी तिरफळं घालून तिखलं (माशाचं तिखट कालवण) करा. बांगडा आणि तारलीतलं ओमेगा-३ (माशाच्या तेलातली एक चरबी) ट्रायग्लिसराइड उतरवायला मदतच करतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. १२ तास उपाशी राहून रक्त द्या आणि आधीचे दोन-तीन दिवस दारू नको, नाहीतर आकडा फुगून येतो. घरच्या घरी टेप लावून पोटाचा घेरही बघत जा. पुरुषाचा तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे रोज सुकी मासळी. खावी का? (गुहागर)

उत्तर : सुकी मासळी एकाच जातीची नसते. बोंबील, सुकट हे बहुधा नुसते उन्हात वाळवतात. खारा बांगडा, खारी सुरमई मात्र मिठात मुरवलेली असते. दिवसभराचं सगळं मीठ धरून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, एवढीच मर्यादा आहे, आणि खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्याने तिचा मोठा वाटा संपतो. तेव्हा रोजच्याला बोंबील आणि सुकट ठेवा, खारं पंधरवड्यातून एकदा. ते कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला आणि कालवणात वरून मीठ घालूच नका.

एक गोष्ट घरोघरी सुटते : आगळ (कोकमाचा रस) टिकायला त्यात मीठ घातलेलंच असतं, आमसुलांनाही मिठाचा हात लागलेला असतो. सोलकढीत चव न बघता मीठ टाकू नका. त्या दिवशी पापड-लोणचं बाजूला. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं. मासळी बदलली म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने कमी करायची नाही.

प्रश्न : वय २३, वजन ६५ किलो, जिमला जातो. प्रोटीन पावडर घ्यावीच लागेल का? (चिपळूण)

उत्तर : नाही. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५४ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनं उचलता म्हणून ८० ते १०० धरा. दोन मध्यम बांगडे ४०, तीन अंडी १८, ५० ग्रॅम कोरड्या कुळथाची उसळ ११, पाव लिटर दूध ८, आणि दिवसभरातल्या २०० ग्रॅम तांदळातून १५. झाले ९२. मासे मिळणार नाहीत त्या दिवशी १०० ग्रॅम पनीर आणि उसळीची आणखी एक वाटी घ्या, म्हणजे ८० च्या खाली जाणार नाही. हे सगळं एकाच जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांत वाटून खा.