‘मी गाते, पण यात माझं काय?’

‘मॅडम, मी गाते ते सगळं गुरुजींचं आहे. यात माझं काय?’ समुपदेशक म्हणून काम करताना शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्यांच्यातल्याच एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगते.

ती पंचविशी ओलांडलेली. लहानपणापासून एकाच गुरूंकडे ख्याल शिकलेली. लोक म्हणायचे, ‘डोळे मिटले की गुरुजीच गातायत असं वाटतं.’ तिला त्याचा अभिमान होता. मग एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘नक्कल चांगली आहे.’ तेव्हापासून रियाजाला बसलं की तिचा घसा आवळायचा. बरोबरीच्या मुलींसारखे गिटारच्या साथीनं अभंग गाऊन रील्सवर टाकून पाहिले, पण तेही परकं वाटलं.

मी तिला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. घशात दोष नव्हता. मग विचारलं, ‘रियाज करताना मनात कोण असतं?’

‘गुरुजी. समोर बसून “हं, पुन्हा” म्हणत असतात.’

‘आणि तू वेगळं काही गायलीस तर?’

ती रडायलाच लागली. ‘त्यांना वाटेल, हिला शिंगं फुटली.’

मला इथे तिची खरी अडचण दिसली. तिच्याकडे कल्पनांची कमतरता नव्हती. गाताना वेगळी जागा, म्हणजे सुरांचं एखादं वेगळं वळण, सुचली की कृतघ्नपणाची टोचणी लागायची आणि सुचलेलं ती तिथेच दाबून टाकायची. गुरूंनी आईवडिलांसारखं जपलेलं असेल तर हे ओझं फार जड असतं. त्याला भित्रेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘स्वतःची शैली शोध’ असं मी तिला सांगितलं नाही. त्यानं दडपण वाढतं. एवढंच सुचवलं, की रोजच्या रियाजाचा थोडा भाग फोनवर रेकॉर्ड करायचा, कुणालाही पाठवायचा नाही, आठवडाभर बाजूला ठेवायचा आणि मग ऐकताना जिथे स्वतःलाच बरं वाटलं तेवढ्याच जागांची खूण करायची. चुका मोजायच्या नाहीत.

काही आठवड्यांनी ती वही घेऊन आली. जवळजवळ सगळ्या खुणा मंद्र सप्तकातल्या, म्हणजे खालच्या सुरांतल्या होत्या, त्याही पूरिया रागातल्या. गुरुजींची ख्याती सोहनी रागाची. जाणकारांना माहीत असतं, की या दोन रागांचे स्वर तेच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण पूरिया मंद्रात रमतो आणि सोहनी तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत खुलते. गुरुजींची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला ‘सा’ मानून ते गातात तो सूर, काळी एक, हिची काळी चार. त्यांचा गळा वर झळकणारा, हिचा खाली भरदार. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या गळ्यातली झळाळी स्वतःच्या गळ्यातून ओढून काढत होती. ‘म्हणजे हे माझं आधीपासून होतंच?’ असं तिनं विचारलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

नकलेबद्दलची तिची लाज मात्र जात नव्हती. म्हणून आम्ही कुमार गंधर्वांविषयी बोललो. बंडखोर गायक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. त्यांचं नाव झालं तेच त्यावर. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. क्षयानं आजारी पडल्यावर मध्य प्रदेशातल्या देवासला काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात माळव्याची लोकगीतं त्यांनी कान देऊन ऐकली. पुन्हा गायला लागले तेव्हा दमसास पूर्वीसारखा नव्हता, आणि त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, वेगवान फिरतींचा संबंध अनेक जण या मर्यादेशी जोडतात. किशोरी आमोणकरांनीही आई मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूर-अत्रौली घराण्याची कडक तालीम घेतली, शिवाय भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या. घराण्याची चौकट मोडल्याची टीका त्यांनी सोसली, पण ती चौकट त्यांच्या गळ्यात पक्की मुरलेली होती.

गुरुजींशी बोलायचं राहिलं होतं. काय म्हणायचं याचा आम्ही सराव केला. ‘तुमचं सोडते’ असं म्हणायचं नव्हतं. ‘पूरिया मंद्रात वाढवून पाहिलाय, ऐकाल का?’ एवढंच. त्यांनी ऐकलं. म्हणाले, ‘अगं, माझा गळा तिथे फार रमत नाही, म्हणून तिथली तालीम तुला कमी मिळाली. आता तूच वाढव.’ आणि पुढच्याच मिनिटाला तिचा एक निषाद (नी) जरा खाली लागला म्हणून रागावले!

सगळेच गुरू असं ऐकून घेत नाहीत, हेही सांगायला हवं. काहींनी शिष्याशी बोलणं बंद केल्याच्या कहाण्या माझ्यासमोर आल्या आहेत. तिथे मी उघड सामना सुचवत नाही. क्लासमध्ये त्यांची तालीम जशीच्या तशी गावी आणि घरचा एक तास पूर्णपणे आपला ठेवावा. त्या तासाचा हिशोब कुणालाही द्यावा लागत नाही. पण गाण्याच्या विचारानं झोप उडत असेल, तंबोऱ्याकडे पाहावंसंही वाटत नसेल, तर वाट पाहू नका. समुपदेशकाकडे लवकर या.